चेक विशेषणाची हुजरेगिरी

चेक भाषेत विशेषणाला स्वतःचे मत नसते. ज्या नामापुढे ते उभे राहते त्याचे लिंग, वचन आणि विभक्ती बघून ते आपला शेवटचा स्वर ठरवते. दरबारातल्या हुजऱ्याने धन्याचा चेहरा बघून हसावे की गंभीर व्हावे हे ठरवावे, तसा हा प्रकार. प्रागमधला माणूस सकाळी शेजाऱ्याला ‘दोब्रे रानो’ म्हणतो, दिवसा भेटेल त्याला ‘दोब्री देन’, आणि झोपायला जाताना ‘दोब्रोऊ नोत्स’. चांगुलपणा तिन्ही वेळी तेवढाच असतो. पण सकाळ नपुंसकलिंगी, दिवस पुल्लिंगी आणि रात्र स्त्रीलिंगी. शिवाय ‘मी चिंतितो’ हे क्रियापद बोलणाऱ्याने गिळलेले असते, त्यामुळे रात्र वाक्याचे कर्म ठरते आणि विशेषणाला कर्माचा प्रत्यय लागतो. खरे तर सकाळ आणि दिवस हीसुद्धा कर्मेच आहेत. पण त्यांची कर्त्याची आणि कर्माची रूपे दिसायला सारखी असल्याने कोणाच्या लक्षात येत नाही. गुपित फुटते ते रात्री, तेही डोळे मिटत असताना.

लिंगांच्या बाबतीत मराठी माणूस निर्धास्त असतो. तीन लिंगे त्याच्या घरचीच. चांगला, चांगली, चांगले म्हणत तो मोठा झालेला असतो, आणि हीच त्याची पंचाईत होते. ‘तरुण’ या अर्थाचा चेक शब्द पुल्लिंगात ‘म्लादी’, स्त्रीलिंगात ‘म्लादा’ आणि नपुंसकलिंगात ‘म्लादे’. म्हणजे मराठीत जो आकार पुरुषाचा तो चेकमध्ये बाईचा, आणि जो ईकार बाईचा तो तिकडे मिशीवाल्या पुरुषाचा. नपुंसकलिंगाच्या एकाराबाबत मात्र दोन्ही भाषांचे आश्चर्यकारक एकमत आहे. आणखी एक योगायोग आहे. मराठीत ‘चांगली मुलगी’ आणि ‘चांगली घरे’ यांतले विशेषण दिसायला एकच असते, स्त्रीलिंगी एकवचन आणि नपुंसकलिंगी अनेकवचन यांची रूपे जुळतात. चेकमध्येही तसेच: तरुण बाई ‘म्लादा’ आणि तरुण शहरेही ‘म्लादा’.

विभक्तींचा हिशेब यापेक्षा किचकट आहे. चेक शाळांत विभक्ती नावापेक्षा क्रमांकाने ओळखतात, पहिली ते सातवी, आणि मुले त्या प्रश्नांनी पाठ करतात: कोण, काय, कोणाशिवाय, कशाशिवाय, असे करत करत कोणाबरोबर, कशाने इथपर्यंत. प्रथमा, द्वितीया घोकलेल्या मराठी माणसाला हे ऐकून हायसे वाटते. ते फार वेळ टिकत नाही. चेकांची दुसरी म्हणजे आपली षष्ठी. त्यांची तिसरी म्हणजे आपली चतुर्थी, चौथी म्हणजे द्वितीया, पाचवी म्हणजे संबोधन, सहावी म्हणजे सप्तमी आणि सातवी म्हणजे तृतीया. पंचमी तिकडे नाहीच. तिचे काम दुसरीवर ढकलले आहे. सातांपैकी फक्त प्रथमा जागेवर सापडते.

नामाच्या प्रत्येक विभक्तीमागे विशेषणालाही जावे लागते. मराठीने हा त्रास केव्हाच कमी करून टाकला. नामाला काहीही चिकटो, विशेषण आपले ‘चांगल्या’ एवढे म्हणून मोकळे होते: चांगल्या माणसाला, चांगल्या बाईने, चांगल्या घरात. चेकमध्ये सात विभक्ती, दोन वचने आणि चार वर्ग मिळून ५६ घरांचा तक्ता होतो. (लिंगे तीन असताना वर्ग चार कसे, ते पुढे.) एवढ्या घरांसाठी प्रत्यक्षात रूपे मात्र अकराच आहेत, त्यामुळे एकेक रूप अनेक ठिकाणी राबते. एकटे ‘म्लादे’ १३ घरांत हजर असते: तरुण बाईचे, तरुण बाईला, तरुण बाईविषयी, तरुण शहर, तरुण बायका आणि असेच बरेच. अकराच रूपे म्हणून शिकणाऱ्याला आधी आनंद होतो. मग ‘म्लादे’ कानावर पडले की ते १३ पैकी कुठले, हे ठरवता ठरवता बोलणारा पुढच्या वाक्यात पोचलेला असतो.

आता चौथा वर्ग. चेक व्याकरण पुल्लिंगाचे दोन भाग करते, सजीव आणि निर्जीव. तरुण पुरुष दिसला तर ‘म्लादेहो’ म्हणायचे. जुना किल्ला दिसला तर ‘स्तारी’ जसेच्या तसे ठेवायचे, कारण किल्ल्याला जीव नाही. इथवर कोणाची तक्रार नसावी. पण जीव कोणाला आहे हे चेक व्याकरण डॉक्टरला विचारून ठरवत नाही. ‘नेबोश्तीक’ म्हणजे कैलासवासी झालेला माणूस. तो व्याकरणात ठणठणीत सजीव आहे आणि त्याच्या विशेषणाला सजीवाचाच प्रत्यय लागतो. बर्फाचा बाहुला सजीव आहे. दारूचा एक पेला, ज्याला ‘पानाक’ म्हणतात, तोही सजीव. गुत्त्यात मोठा पेला मागवणारा ‘वेलकेहो पानाका’ म्हणतो, जणू कोणा मोठ्या गृहस्थालाच बोलावणे धाडले आहे. आणि ‘लिद’, म्हणजे जनता, ती मात्र निर्जीव. निवडणुकीच्या भाषणात जनतेचा कितीही जयजयकार झाला तरी व्याकरणाच्या लेखी तिची जमा किल्ल्यांत आणि पुलांत आहे. ज्यांनी राज्ये केली त्यांना हा नियम बहुधा पटला असावा.

या भेदाने चेकांच्या सर्वांत प्रसिद्ध शब्दालाही सोडलेले नाही. ‘रोबो’ जगाला दिला कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकाने. शब्द सुचवला तो त्यांचे भाऊ योसेफ यांनी. नाटकातले रोबो माणसांसारखे दिसतात, बोलतात आणि शेवटी बंड करतात, म्हणून ते सजीव: नवे रोबो म्हणजे ‘नोवी रोबोत्यी’. पुढे कणीक मळणारी आणि भाज्या चिरणारी स्वयंपाकघरातली यंत्रे आली, त्यांनाही रोबोच म्हणू लागले. ती निर्जीव ठरली: ‘नोवे रोबोती’. एखाद्या यंत्राला जीव आहे की नाही, या प्रश्नावर तत्त्वज्ञांचे वाद अजून चालू आहेत. चेक माणूस विशेषणाच्या शेवटच्या स्वरात निकाल देऊन मोकळा होतो.

सजीव पुरुष एकापेक्षा जास्त झाले की व्यंजनेही हलतात. मोठा माणूस ‘वेलकी’, मोठी माणसे ‘वेल्त्सी’. प्रिय मित्र ‘द्राही’, प्रिय मित्रमंडळी ‘द्राझी’. शांत ‘तिखी’, अनेक शांत ‘तिशी’. एक चेक पुरुष ‘चेस्की’, अनेक जमले की ‘चेश्त्यी’. आणि ‘दोब्री’चे होते ‘दोब्र्झी’, ज्यात र आणि झ एकाच वेळी, एकाच श्वासात उच्चारायचे असतात. संगीतकार द्वोर्झाक यांच्या आडनावात हाच उच्चार बसला आहे आणि त्या आडनावाचे जगभर जे हाल होतात ते यामुळेच. ही सगळी धावपळ फक्त पुरुषांच्या अनेकवचनासाठी आहे. बायका, किल्ले आणि शहरे कितीही जमली तरी व्यंजन जागचे हलत नाही.

या तक्त्याने घाबरलेल्यांसाठी विशेषणांचा दुसरा वर्ग आहे, त्याला मृदू म्हणतात. नमुन्याचा शब्द ‘यार्नी’, म्हणजे वसंतातला. पुरुष, बाई, शहर, सगळ्यांना ‘यार्नी’च, आणि अकराऐवजी सहा रूपांत काम भागते. स्त्रीलिंगी एकवचनात तर सातही विभक्ती ‘यार्नी’वर निभावतात. परदेशी विद्यार्थ्यांचे या वर्गावर मनापासून प्रेम असते. फक्त तरुण, जुना, मोठा, चांगला, सुंदर असे रोज लागणारे शब्द यात नाहीत; यात आहेत वसंतातला, कालचा, शेवटचा, परका असे.

पण तुलना करताना सगळे मृदू होतात. मराठीत तुलना विशेषणाबाहेर होते, ‘पेक्षा’ आणि ‘सर्वांत’ यांच्या जिवावर. चेकमध्ये ती शब्दाच्या पोटात होते: ‘म्लादी’, ‘म्लाद्शी’, ‘नेयम्लाद्शी’; तरुण, अधिक तरुण, सर्वांत तरुण. चांगला, वाईट, मोठा आणि लहान हे चौघे युरोपातल्या पुष्कळ भाषांत नियम मोडतात, तसे इथेही: ‘दोब्री’चे ‘लेप्शी’ होते. वयाच्या बाबतीत या तुलनेने एक सभ्य करामत केली आहे. ‘स्तारा पानी’ म्हणजे म्हातारी बाई. ‘स्तार्शी पानी’चा शब्दशः अर्थ अधिक म्हातारी बाई, पण ही बाई पहिलीपेक्षा तरुण असते; वय झालेले आहे पण बोलून दाखवू नये, एवढाच त्याचा भाव. बसमध्ये जागा देताना हा फरक माहीत असलेला बरा. चेक भाषेतला सर्वांत लांब शब्द म्हणून जो नेहमी दाखवला जातो तोही असल्याच तुलनेचे अपत्य आहे: ‘नेयनेओबहोस्पोदार्झोवावातेल्न्येय्शीमु’. ज्या शेताची मशागत करणे सर्वांत अशक्य आहे त्याला, असा त्याचा अर्थ. हा शब्द कोणीही वापरत नाही. त्यातले शेवटचे ‘मु’ तेवढे बघण्यासारखे आहे, कारण इतके सगळे करूनही नामाच्या तिसऱ्या विभक्तीपुढे मान तुकवायला ते विसरलेले नाही.

मालकी दाखवणारी विशेषणे हा मराठी माणसाला सर्वांत जवळचा भाग. आपला ‘चा, ची, चे’ मालकाकडे न बघता मालमत्तेकडे बघतो: रामाचा वाडा, रामाची गाय, रामाचे शेत. चेक विशेषण हेच करते. सम्राट चौथा कार्ल (१३१६–१३७८) याने प्रागमध्ये १३४८ साली विद्यापीठ काढले, १३५७ साली पुलाची पायाभरणी केली, आणि त्याच्या नावाचा चौक व गरम पाण्याच्या झऱ्यांचे गावही आहे. पूल पुल्लिंगी म्हणून ‘कार्लूव मोस्त’. विद्यापीठ स्त्रीलिंगी म्हणून ‘कार्लोवा उनिवेर्जिता’. चौक नपुंसक म्हणून ‘कार्लोवो नाम्न्येस्ती’. झरे अनेकवचनी म्हणून ‘कार्लोवी वारी’, आणि या वारीला चालत जावे लागत नाही, रेल्वे आहे. पुलावर उभे राहिले की तो ‘कार्लोव्ये’ होतो, पुलाखालून होडीने गेले की ‘कार्लोवीम’, पुलावरून खाली उतरले की ‘कार्लोवा’. पूल एका जागी दगडासारखा उभा असतो, हलते ते विशेषण. पुलाला हे नाव अधिकृतपणे १८७० साली मिळाले. त्याआधी तो नुसता ‘दगडी पूल’ किंवा ‘प्रागचा पूल’ होता.

मालकासाठीही अटी आहेत. तो एकटा हवा, आणि त्याचे नाव एका शब्दाचे हवे. ‘कार्ल’ म्हटले तर विशेषण होते. ‘चौथा कार्ल’ म्हटले की सवलत रद्द, साधी दुसरी विभक्ती वापरायची. मालक नपुंसकलिंगीही चालत नाही. चेकमध्ये मूल नपुंसक असल्याने मुलाच्या खेळण्याला असले विशेषण मिळत नाही. आजीच्या चष्म्याला मिळते.

याच मालकीच्या प्रत्ययातून चेक बायकांची आडनावे निघाली. नोवाक यांची बायको किंवा मुलगी नोवाकोवा. नवरातिल यांची नवरातिलोवा, आणि मार्टिनामुळे हा ‘ओवा’ टेनिस बघणाऱ्या प्रत्येक मराठी घरात पोचला. पुष्कळ आडनावे तर मुळातच विशेषणे आहेत: माली म्हणजे लहान, वेसेली म्हणजे आनंदी, तिखी म्हणजे शांत (मराठी कानाला काहीही वाटो), चेर्नी म्हणजे काळा. आपल्याकडे काळे आणि गोरे आहेत, पण काळे बाईंना कोणी ‘काळी’ म्हणायला धजत नाही. तिकडे श्री. चेर्नी यांच्या घरातल्या श्रीमती ‘चेर्ना’च असतात. १९९८ साली विम्बल्डन जिंकणारी याना नोवोत्ना ही अशाच विशेषणाची धनी. तिच्याविषयी लिहायचे तर ‘नोवोत्ने’, तिच्याबरोबर खेळायचे तर ‘नोवोत्नोऊ’. परदेशी बायकांचीही सुटका नाही. हॅरी पॉटरच्या चेक मुखपृष्ठावर लेखिका ‘रोलिंगोवा’ आहे, आणि भारताच्या माजी पंतप्रधान चेक पुस्तकांत ‘इंदिरा गांधीओवा’ आहेत. यामागे आगाऊपणा नाही. आडनावाला शेपूट नसेल तर त्याला विभक्ती लावता येत नाही, आणि मग गांधींनी कोणाला हरवले की कोणी गांधींना हरवले, हे चेक वाचकाला कळत नाही. १ जानेवारी २०२२ पासून चेक स्त्रियांना ‘ओवा’शिवायचे आडनाव घेण्याची कायद्याने पूर्ण मुभा आहे. कायदेमंडळाने व्याकरणावर मात केली. बातम्या लिहिणाऱ्यांचे काय होते ते वेगळे.

विशेषणाच्या शेपटाला रसायनशास्त्रात जी प्रतिष्ठा मिळाली ती मात्र बाकी कुठे क्वचितच मिळाली असेल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एमिल वोतोचेक या रसायनतज्ज्ञाच्या पुढाकाराने चेक नावांची जी पद्धत रूढ झाली तिच्यात मूलद्रव्याचा ऑक्सिडीकरण अंक विशेषणाच्या प्रत्ययानेच सांगतात. एक ते आठ अंकांना आठ प्रत्यय: नी, नाती, इती, इचिती, इचनी किंवा एचनी, ओवी, इस्ती, इचेली. चेक शाळकरी मुले हे परवच्यासारखे म्हणतात. सहावी ‘ओवी’ असली तरी दळताना म्हणण्यातली नाही. ती सल्फर ट्रायऑक्साइडमध्ये सापडते. मीठ ‘सोदनी’, कळीचा चुना ‘वापेनाती’, सोड्याच्या बाटलीतला वायू ‘उह्लिचिती’. लोखंड दोन अंकी असेल तर ‘झेलेझ्नाती’, तीन अंकी असेल तर ‘झेलेझिती’. एका अक्षराच्या चुकीने बाटलीतला पदार्थच बदलतो. इथे विशेषण नामाच्या मागे उभे राहते, शास्त्रीय नावांचा तो रिवाज आहे. पण लिंगाचा नियम प्रयोगशाळेतही सुटत नाही. आम्ल चेकमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून क्लोरीनची चार आम्ले ‘ख्लोरना’, ‘ख्लोरिता’, ‘ख्लोरेचना’ आणि ‘ख्लोरिस्ता’ अशी चार बहिणींसारखी ओळीने येतात. शेवटची सर्वांत तापट.

काही विशेषणांनी नामाची चाकरी सोडून स्वतंत्र धंदा थाटला आहे. चेक हॉटेलात याचा अनुभव येतो. दारावरचा ‘व्रात्नी’ विशेषण, काउंटरवरची ‘रेत्सेप्चनी’ विशेषण, खोली आवरणारी ‘पोकोयस्का’ विशेषण, आणि जेवायला बसल्यावर ज्याला अदबीने हाक मारायची तो ‘वर्खनी’ही विशेषणच. निघताना ठेवायची बक्षिसी, ‘स्प्रोपित्ने’, हे नपुंसकलिंगी विशेषण. पैसे द्यायची बहुतेक निमित्ते याच एकारान्त घराण्यातली आहेत: प्रवेशशुल्क ‘व्स्तुपने’, गाडीभाडे ‘यीझ्दने’, शाळेची फी ‘श्कोल्ने’, मुलांचा खाऊचा पैसा ‘कापेस्ने’, आणि घटस्फोटानंतर न्यायालय ठरवते ती पोटगी ‘वीझिवने’. माणूस जन्मभर विशेषणांनाच पैसे देत असतो.

संख्येचा नियम बिअरच्या आधारे समजावणे ही चेक पद्धत नसली तरी सोयीची आहे. दोन चांगल्या बिअर ‘दोब्रा पिवा’. तीनही तशाच, चारही तशाच. पाचवी आली की विशेषण आणि नाम दोघेही दुसऱ्या विभक्तीत घसरतात: ‘प्येत दोब्रीख पिव’, आणि क्रियापद एकवचनी नपुंसक होऊन बसते. म्हणजे चार बिअरपर्यंत सगळे सरळ चालते आणि पाचवीला व्याकरण अवघड होते. ज्या माणसाला नियम पाळायचा असतो त्याची अवस्था तेव्हा काय असते, याचा विचार व्याकरणकारांनी केलेला दिसत नाही.

गुत्त्यात बसलेला मनुष्य मात्र हे सगळे पाळत नाही, शुद्धीत असतानाही. बोहेमियात, प्रागमध्ये तर नक्कीच, बोलताना ‘दोब्री’चे ‘दोब्रेय’ होते आणि ‘दोब्रे’चे ‘दोब्री’. पुस्तकातून शिकून आलेला विद्यार्थी नपुंसकलिंगी बिअरला ‘दोब्रे पिवो’ म्हणतो. शेजारच्या टेबलावरून ‘दोब्री पिवो’ ऐकू येते, आणि त्याला वाटते बिअर पुल्लिंगी झाली. ती झालेली नसते. पुल्लिंगाने ‘एय’ घेऊन घर बदलले आणि रिकाम्या घरात नपुंसकलिंग राहायला आले, एवढेच. अनेकवचनात तर मुलगे, मुली, किल्ले, बिअर सगळ्यांना सरसकट ‘दोब्री’, आणि ते दोब्र्झीचे र-झ एकदाचे सुटते. हे बोलणे आजकालचे किंवा बिघडलेले नाही. त्यातले स्वरबदल काही शतकांपूर्वीच झाले. पण योसेफ दोब्रोव्स्की यांनी १८०९ साली व्याकरण लिहिले तेव्हा त्यांनी आदर्श मानली ती सोळाव्या शतकातल्या ग्रंथांची भाषा, क्रालित्से बायबलच्या काळातली. ते व्याकरण जर्मन भाषेत होते, आणि लेखकाचे आडनाव विशेषण होते. तेव्हापासून चेक माणूस लिहितो एक आणि बोलतो दुसरे. मोराव्हियातली माणसे या ‘एय’ला प्रागवाल्यांचा चाळा समजतात.

विभक्ती न घेणारी विशेषणे चेकमध्ये अगदीच नाहीत असे नाही. जर्मनमधून आलेले ‘फायन’, म्हणजे छान, हे आपल्या ‘सुंदर’ आणि ‘लाल’सारखे ताठ असते: फायन माणूस, फायन बाई, फायन शहरांमध्ये. सोनेरी केसांसाठीचे ‘ब्लोंद’ आणि लष्करी ‘खाकी’ही तशीच. पण चेक जिभेला बिनशेपटीचे विशेषण फार काळ बघवत नाही. ‘ब्लोंद’च्या शेजारी ‘ब्लोंद्याती’ आले, ‘फायन’च्या शेजारी ‘फायनोवी’ आले, आणि त्यांना पुल्लिंगी ई, स्त्रीलिंगी आ, नपुंसकलिंगी ए धरून अकराच्या अकरा रूपे लागू झाली. ‘खाकी’ अजून तसेच आहे.